आधी पडलं की आधी पेटलं

तांबे मॅडम कुठल्याही घरात शिरल्या की आधी छताकडे बघायच्या. दुसरं कोणी पाहुणं आलं तर सोफा बघतं, टीव्ही बघतं, गॅलरीतून काय दिसतं ते बघतं. मॅडम दारात उभ्या राहून वर बघायच्या, मग भिंतीच्या कडेकडेने एक चक्कर मारायच्या आणि त्यानंतरच बसायच्या. आमच्या शिरवण्याच्या घरी त्या नातीच्या बारशाला आल्या तेव्हाही त्यांनी तेच केलं. बायका पाळण्याभोवती जमलेल्या आणि मॅडम आमच्या मीटरच्या पेटीखाली मान वर करून उभ्या. माझी सासू पाटावर बसून हे बघत होती. तिने मला खुणेने बोलावलं.

"गो, ही बाय घर इकत घ्यावाला आलीय का?"

"नाय ओ आई. त्या आगीचं काम करायच्या. सवय हाय त्यांना."

"आग इजवाचं?"

"इजल्यावरचं."

"इजल्यावर मंग काय काम उरतं?"

दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, "बरोबर विचारलं त्यांनी. माझे सगळे वरिष्ठ हेच विचारायचे, फक्त इंग्रजीत."

त्यांचं काम असं होतं. कुठे विमान पडलं आणि जळलं, की त्यांना बोलावणं यायचं. आग कुठून लागली, कशाने लागली, काही फुटलं का, फुटलं असेल तर आगीच्या आधी की आगीमुळे, हे त्या जळलेल्या तुकड्यांवरून शोधायच्या. मूळच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत रसायनाच्या साहेब. गाव चिपळूणकडचं. लग्न केलं नव्हतं. रिटायर झाल्यावर नेरुळला फ्लॅट घेऊन एकट्या राहत होत्या आणि मी त्यांच्याकडे दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला जायची. हॉलमध्ये शोकेसवर बुद्धाची पांढरी मूर्ती होती. तिच्यासमोर रोज ताजं फूल असायचं. मेणबत्ती मात्र त्यांनी कधी लावली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "फूल चालतं त्यांना. मी विचारून घेतलंय."

कामाला लागले त्याच आठवड्यात माझी डाळ करपली. मी घाबरून पातेलं मोरीत नेत होते, तर मागून आवाज आला, "कुंदा, घासू नकोस! तसंच आण."

मला वाटलं आता नोकरी गेली. मॅडमनी टेबलावर जुना पेपर पसरला, पातेलं त्याच्यावर ठेवायला लावलं आणि हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती चक्कर मारली. मग दुसरी मारली. मी पदराने हात पुसत उभी.

"जळक्या वस्तूला लगेच हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "आधी प्रदक्षिणा, मग दर्शन. मी देवळात जात नाही, पण हा नियम मी देवळाकडूनच घेतलाय."

मग भिंग आणलं. पातेलं आतून एकाच बाजूला काळं झालं होतं. त्यांनी मला ते दाखवलं. मग शेगडीकडे गेल्या, बर्नर उचलून उजेडात धरला, आणि त्याची अर्धी भोकं बुजलेली निघाली. सगळी ज्योत एकाच अंगाला जात होती.

"हे बघ. दोष बर्नरचा. तुझा नाही."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण मी डाळ चाखली. तिच्यात हिंग नाही. तो दोष तुझा."

त्या अशाच होत्या. जे असेल ते, जेवढं असेल तेवढं. मी विचारायची, "मॅडम, मीठ जरा जास्त झालं का?" तर उत्तर यायचं, "जरा नाही. जास्त." चांगलं झालं तरी तसंच. "आजची कोलंबी चांगली आहे." त्याच्यापुढे एक शब्द नाही. पण त्या दिवशी ताटातला रस्सा बोटाने पुसून खाल्लेला असायचा. 'वाटतं' हा शब्द मी वापरला की त्या लगेच पकडायच्या. "वाटतं की पाहिलंस?" मी म्हणायची, "वाटतं." "मग तसं सांग. वाटणं वाईट नाही, त्याला पाहिलं म्हणू नये एवढंच." मी चौथीपर्यंत शिकलेली. मला कोणी एवढ्या बारकाईने काही विचारलंच नव्हतं. पहिले काही दिवस त्यांच्यासमोर तोंड उघडायची भीती वाटायची. नंतर सवय झाली, आणि मग तर घरीही मी तसंच बोलायला लागले. आमचे हे म्हणायचे, आता घरात कोर्ट बसलंय.

सोसायटीत मॅडमचं कोणाशी भांडण नव्हतं, फक्त जिन्यावरून होतं. लोकांनी जिन्यात शूरॅक, सायकली, कुंड्या, एकाने तर जुनी गादीसुद्धा ठेवली होती. प्रत्येक मीटिंगला मॅडम तो विषय काढायच्या. सेक्रेटरी कंटाळलेले.

"मॅडम, तुम्हाला ना, सगळीकडे आगच दिसते."

"नाही हो. मला सगळीकडे शूरॅक दिसतो. आग लागली की तुम्हालाही दिसेल, पण तेव्हा तुम्ही त्यालाच अडकून पडलेले असाल."

मॅडमच्या पाठीमागे त्यांना सगळे 'राख मॅडम' म्हणायचे. त्यांना माहीत होतं. लिफ्टमध्ये एक लहान मुलगी चुकून तोंडावर म्हणाली, "गुड मॉर्निंग, राख मॅडम." तिच्या आईचा चेहरा पडला. मॅडम मुलीला म्हणाल्या, "गुड मॉर्निंग. पण राख हे तुम्ही दिलेलं आडनाव, नाव मंदा."

त्यांच्याकडे एक गोष्ट मात्र कधी शिजली नाही. वांग्याचं भरीत. आम्ही आगरी लोक, आमच्याकडे सुकं मासं भाजणं रोजचंच. एकदा मी डब्यातून त्यांच्यासाठी सुके बोंबील आणले आणि तव्यावर टाकायच्या आधी हौसेने एक सरळ गॅसवर धरला. वास सुटला तशा मॅडम खोलीतून उठल्या, चपला घातल्या आणि खाली बागेत जाऊन बसल्या. वास जाईपर्यंत वर आल्या नाहीत. त्यानंतर ज्योतीवर धरून काही भाजायचं नाही, वांगंसुद्धा नाही, हे मीच ठरवून टाकलं.

एकदा सोसायटीच्या गेटजवळचा ट्रान्सफॉर्मर फुटला. दुपारची वेळ. मोठा धमाका झाला, ज्वाळा उठल्या, बंबवाले आले, विझवून गेले. कोणाला काही झालं नाही. सगळी सोसायटी खाली जमली. मी पण गेले. मॅडम चहा संपवून सावकाश उतरल्या आणि गेटवरच्या वॉचमनला विचारलं, "तू काय पाहिलंस? आधी आवाज की आधी उजेड?"

"आधी आग लागली मॅडम. मी स्वतः बघितली. मग धाडकन फुटला."

कोपऱ्यावरची भाजीवाली मधेच बोलली, "काय पन बोलतो! आधी फुटला. माझ्या टोपलीतली टोमॅटो उडाली."

"मावशी, तुमी तिकडं तोंड करून बसलेल्या."

"अन् तू? तू मोबाईलमदी तोंड घालून!"

सेक्रेटरी म्हणाले, "मी बाल्कनीतून पाहिलं. आधी निळा प्रकाश, मग धूर, मग आवाज. हंड्रेड परसेंट."

"तुमची बाल्कनी मागच्या बाजूला आहे," मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले. सेक्रेटरीही हसले, पण निळा प्रकाश त्यांनी सोडला नाही. मॅडम प्रत्येकाचं शांतपणे ऐकत होत्या, कोणालाही खोटं पाडत नव्हत्या. वर आल्यावर मला म्हणाल्या, "हे लोक खोटारडे नाहीत बरं का. आवाज झाला की माणूस मान वळवतो. मान वळेपर्यंत तिथे आग असते. मग डोकं म्हणतं, मी आग पाहिली आणि आवाजही ऐकला. कुठलं आधी ते डोकं नंतर शिवून टाकतं. विमानाचंही तसंच. प्रत्येक गावात मला एक तरी माणूस सांगायचा, वरूनच पेटत आलं."

"आणि तसं नसायचं?"

"कधी असायचं, कधी नसायचं. म्हणून तर तुकडे बघायचे."

तुकड्यांच्या गोष्टी त्या मेथी निवडताना सांगायच्या. मेथी निवडणं त्यांच्याकडे होतं, मला करू द्यायच्या नाहीत, कारण माझ्याकडून काड्या राहतात. एकदा त्या असंच एका गावात गेल्या होत्या. विमान शेतात पडलेलं. साधी सुती साडी, हातात पिशवी, बरोबरचे साहेब लोक मागच्या गाडीत. तिथल्या पोलिसाला वाटलं ही मेलेल्यांपैकी कोणाची तरी नातेवाईक. त्याने त्यांना आदराने एका मांडवात नेऊन रडणाऱ्या बायकांमध्ये बसवलं.

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगणार होते. पण एका म्हातारीने माझा हात धरला आणि चहा दिला. आता चहा दिल्यावर कसं उठायचं? बसले. तिथे गावातल्याही बायका होत्या. त्या आपसात कुजबुजत होत्या, अमकीने पत्रा उचलून नेला, तमकीने खुर्चीची गादी नेली. मी ऐकत होते."

दुसऱ्या दिवशी साहेब लोक विमानाचा एक मोठा पत्रा शोधत राहिले. मॅडम सरळ एका घराच्या मागे गेल्या. तो कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलेला होता, वर दगड ठेवून. साहेब त्या घरच्या बाईवर ओरडायला लागले. मॅडमनी त्यांना लांब उभं केलं. बाईला म्हणाल्या, "पत्रा चांगला निवडलात. आता मला दाखवा, उचलला तेव्हा कुठे होता आणि कुठली बाजू वर होती." बाईने शेतात नेऊन ढेकूळ न् ढेकूळ दाखवलं. मॅडमनी तिला बाजारातून दुसरा पत्रा आणवून दिला.

"तुकडा जागेवरून हलला की अर्धा मुका होतो," त्या म्हणाल्या. "ज्याने हलवला त्याच्याशी भांडलात तर पूर्ण मुका."

शैलाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पोळ्या करत होते. ऐरोलीला राहायच्या, कुठल्याशा ऑफिसात नोकरी होती. पन्नाशीच्या, केस नीट विंचरलेले, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. त्यांचा एकुलता एक मुलगा विमान चालवायला शिकत होता. लहान विमान, एकट्याने उडवायचा धडा होता. ते एका शेतात पडलं आणि जळलं. सरकारी चौकशी होऊन मिटली होती. मॅडमचा त्या चौकशीशी संबंध नव्हता, कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं.

"अहवालात लिहिलंय, जमिनीवर आपटल्यानंतर आग लागली," शैलाताई म्हणाल्या. "पण मी त्या गावात गेले होते. दोन माणसांनी माझा हात धरून सांगितलं, ताई, वरूनच पेटत आलं. मी कोणाचं मानू?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला नुकसानभरपाई नको, कोणाला शिक्षा नको. मला एवढंच सांगा, तो जिवंत असताना जळला का?"

माझी पोळी तव्यावर तशीच राहिली.

मॅडमनी त्यांना सांगितलं की तो तपास त्यांचा नव्हता, त्यांनी ती जागा पाहिलेली नाही, तेव्हा त्यांनी काही बोलणं योग्य नाही. मग साक्षीदारांचं सांगितलं, मान वळण्याचं, डोक्याच्या शिवणकामाचं. ते सगळं खरंच होतं. पण शैलाताई ऐकता ऐकता उठल्या.

"तुम्ही पण कागदासारखंच बोलता," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रीज उघडला तर रात्रीचं जेवण तसंच होतं. मॅडम गॅलरीत बसलेल्या. मला म्हणाल्या, "मी तिला लोकांविषयी सांगत बसले. वस्तूविषयी काहीच सांगितलं नाही. माझ्याकडे वस्तूच नव्हती." थोड्या वेळाने म्हणाल्या, "वस्तू नसली की माणसाने गप्प बसावं. ते मला कालही माहीत होतं."

त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. कपात चहा अर्धाच ओतायचा हे मला न सांगता कळलं होतं.

काही आठवड्यांनी शैलाताईंचा फोन आला. त्यांच्याकडे एक तुकडा होता. त्या गावातल्या एका शेतकऱ्याला नांगरताना सापडला होता, त्याने त्यांना नेऊन दिला होता. शैलाताईंनी तो देवघरात ठेवला होता. याच्यावरून काही कळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मॅडमच्या घरून परत जाताना रिक्षात सुचलं, पण तो देवघराबाहेर काढायचा धीर व्हायला इतके दिवस गेले.

त्या आल्या तेव्हा तुकडा त्यांनी खणाच्या कापडात गुंडाळून आणला होता. टेबलावर ठेवून कापड सोडलं. तळहाताएवढा पत्रा, चुरगळलेल्या कागदासारखा घड्या पडलेला, बाहेरून काळाकुट्ट.

मॅडमनी हात मागे बांधले आणि टेबलाभोवती फिरायला लागल्या. शैलाताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी डोळ्यांनीच सांगितलं, थांबा.

"धुतलाय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही. दिवाळीत सगळे देव चिंचेने घासते. याला हात लावला नाही."

"हे लाल काय आहे?"

"कुंकू."

मॅडम वाकून बघत राहिल्या. "हळदही आहे," त्या म्हणाल्या. "चालेल. ती बाहेरूनच आहे."

मग भिंग घेऊन बसल्या. कडेला पत्रे जोडायच्या खिळ्यांची, रिव्हेटची, एक ओळ होती, एका कोपऱ्यात एका नळीसाठी केलेलं गोल भोक होतं. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"शैलाताई, लहान विमानात इंजिन पुढे असतं आणि माणूस त्याच्या मागे. मधे एक भिंत असते. इंजिनला आग लागली तर ती या भिंतीशी आधी येते. हा त्या भिंतीला लागून असलेला पत्रा आहे."

टेबलावरचा पेपर नॅपकिन उचलून त्यांनी मुठीत चुरगळला. "समजा हा असा चुरगळला आणि मग धुरावर धरला. बाहेरून काळा होईल. उघडला तर घडीच्या आत पांढरा राहिलेला असेल. पण आधी धुरावर धरून मग चुरगळला, तर घडीच्या आतही काळा. हा पत्रा विमान आपटल्यावर चुरगळला. त्याच्या घडीत काळं असेल तर आग आधीची. स्वच्छ असेल तर आग नंतरची."

शैलाताईंना कळलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"म्हणजे हे उघडावं लागेल."

"हो. आणि एकदा उघडलं की परत असं होणार नाही. मोडेलही कदाचित. चौकशी मिटलेली आहे, म्हणून मी याला हात लावू शकते. पण एक लक्षात घ्या. आत जे दिसेल ते मी सांगेन. गोड करून सांगणार नाही. तुम्हाला नको असेल तर कापडात बांधा आणि घरी न्या. मी काही म्हणणार नाही."

शैलाताई पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या. मी ग्लास भरून दिला. तो हातातच धरून त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "या कधी खोटं बोलतात का हो? माणसाला बरं वाटावं म्हणून?"

मी म्हटलं, "ताई, मी कामाला लागल्यापासून त्या माझ्या जेवणाला छान म्हणाल्या नाहीत. चांगलं म्हणाल्यात. छान अजून नाही."

त्यांनी पाणी पिऊन ग्लास ओट्यावर ठेवला आणि बाहेर जाऊन म्हणाल्या, "उघडा."

मॅडमनी आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून घेतले. मग छोटी पक्कड आणली. माझ्या हातात सांडशी दिली आणि पत्र्याची एक कड घट्ट धरायला सांगितली. मी धरली. मॅडम दुसरी कड पकडू लागल्या, पण पक्कड पत्र्यावर वाजायला लागली. टिकटिक टिकटिक. हात थांबेना. कोपर टेबलावर टेकवून पाहिलं, तरी थांबेना. मॅडमनी पक्कड खाली ठेवली. आयुष्यभर ज्या हातांनी हेच केलं, ते त्या असे बघत होत्या की जणू दुसऱ्या कोणाचे आहेत.

तेव्हा शैलाताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि मॅडमचं मनगट आपल्या दोन्ही हातांत धरलं.

"आता करा," त्या म्हणाल्या.

पत्रा हळूहळू उघडत गेला. करकर आवाज येत होता. काळी भुकटी पेपरवर पडत होती. एक घडी सुटली, आत दुसरी. मी सांडशीकडेच बघत होते, वर बघायची हिंमत नव्हती. मग मॅडमनी ओढणं थांबवलं.

मी बघितलं. घडीच्या आत पोपटी रंग होता. कोवळ्या पानासारखा, तुकतुकीत. काजळीचा ठिपका नाही.

"हे काय?" शैलाताईंनी विचारलं.

"प्रायमर. कारखान्यात लावलेला मूळ रंग." मॅडमनी भिंग लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. मग परत उलट पाहिलं. "आग इथे पोहोचली तेव्हा ही घडी पडलेली होती. आधी आपटलं. मग पेटलं."

"नक्की?"

"या तुकड्यापुरतं नक्की. एका तुकड्यावरून सगळं विमान सांगता येत नाही. पण हा जिथला आहे तिथे हवेत असताना आग नव्हती. तुमचा अहवालही तेच म्हणतो. दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात."

शैलाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी मॅडमचं मनगट सोडलं नव्हतं. "म्हणजे त्याला काही कळलं नाही ना?"

मला वाटलं, आता तरी मॅडमनी हो म्हणावं. एक शब्द. काय बिघडणार होतं?

मॅडम म्हणाल्या, "आगीचं कळलं नाही. पडतोय हे कळलं असेल. ते नाही, असं मी म्हणू शकत नाही."

मला मॅडमचा राग आला, खोटं कशाला सांगू. मग शैलाताईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पडायला तो भ्यायचा नाही. कधीच नाही. भाजायला भ्यायचा. दिवाळीत फुलबाजी लांब काठीला बांधून द्यावी लागायची, इतका." आणि पोपटी रंगावरून त्यांनी बोट फिरवलं. "पडायला नाही भ्यायचा."

मॅडमनी पक्कड बाजूला सारली. खुर्ची वळवून त्यांच्या समोर बसल्या. कामात असताना त्या मेलेल्या माणसाविषयी कधी काही विचारत नसत. वय नाही, घरचे कोण नाही, नावसुद्धा कानावर पडू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, माणूस ओळखीचा झाला की डोळा त्याच्या बाजूने बघायला लागतो. त्या दिवशी त्यांनी विचारलं.

"नाव काय त्याचं?"

"निनाद."

"कसा होता?"

मला दुसऱ्या घरी जायचं होतं, उशीर झाला होता. दोघींचा चहा टेबलावर ठेवला, मॅडमचा अर्धा कप. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गावच्या जत्रेची माझी सुट्टी होती. जत्रा करून परत आले तर फ्लॅटला कुलूप. मॅडम बाथरूममध्ये पडल्या होत्या आणि त्यांची भाची त्यांना चिपळूणला घेऊन गेली होती. तिथेच काही महिन्यांनी त्या गेल्या. मला कोणी कळवलं नाही, वॉचमनकडून समजलं. म्हणजे त्या दुपारी चपला घालताना मी दारातून पाहिलं ते शेवटचं.

शैलाताई सांगत होत्या. निनाद शाळेत असताना शेजारच्या काकांची छत्री घेऊन गॅरेजच्या छपरावर चढला होता. खाली सगळी पोरं ओरडतायत, आणि याने मारली उडी. छत्री उलटी झाली, हा गुलाबाच्या वाफ्यात. अंगभर काटे आणि वर छत्रीबद्दल बोलणी. सांगताना त्या रडत होत्या की हसत होत्या ते मला पाठीमागून कळेना.

मॅडम मात्र मला समोरून दिसत होत्या. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले, मान पुढे, भिंगातून बघताना असायच्या तशाच एकाग्र. पण चेहऱ्यावर हसू, लहान मुलीसारखं.

"थांबा थांबा, मला नीट सांगा," त्या म्हणाल्या. "छत्री उलटी झाली ती तो हवेत असताना, की वाफ्यात पडल्यावर?"

"अहो, ते मी कुठे पाहिलं!"

"मग कोणी पाहिलं?"

"कोणीच नाही. पण काका म्हणतात हवेत, आणि तो शेवटपर्यंत म्हणायचा, पडल्यावर."

"मग आपण त्याचंच धरू," मॅडम म्हणाल्या.

मी दार हळूच ओढून घेतलं.